कपाटातला कॅमेरा आणि शाळेची जुनी इमारत

शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे आणि ती उठावी असे आम्हाला मुळीच वाटत नाही. पण यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कळले की पटांगणाच्या बाजूची जुनी इमारत, म्हणजे लाकडी जिन्याची, येत्या उन्हाळी सुट्टीत उतरवायची आहे. तुळया वाळवीने पोखरल्या आहेत, वरच्या वर्गात तीन वर्षांपासून मुले बसवत नाहीत; तेव्हा निर्णयाबद्दल तक्रार नाही. प्रश्न एवढाच होता की ती जाण्यापूर्वी तिचे फोटो कोणी काढायचे? एखाद्या फोटोग्राफरला बोलावून एका दिवसात काम उरकता आले असते. तसे होईलही. पण त्या फोटोंत जिना दिसेल, तिसरी पायरी वाजते हे कसे दिसणार? ते फक्त मुलांना ठाऊक.

म्हणून आम्ही काही शिक्षकांनी मिळून शनिवारचा छायाचित्र वर्ग सुरू केला आणि पालकांना चिठ्ठी पाठवली: घरात जुना डिजिटल कॅमेरा पडून असल्यास शाळेला काही महिन्यांसाठी द्यावा. पंधरा दिवसांत अकरा कॅमेरे जमले. कुणी बारशाला घेतलेला, कुणी काश्मीरच्या सहलीसाठी, एक तर लग्नातल्या आहेराच्या वेष्टणासकट. अकरापैकी चार चाललेच नाहीत. उरलेल्या सातांवर आमची सहामाही निघाली. त्यात जे शिकलो ते इथे मांडतो आहोत, कारण असाच एखादा कॅमेरा तुमच्याही कपाटात साड्यांच्या मागे असण्याची शक्यता बरीच आहे.

शक्यता बरीच, कारण २०१० च्या सुमारास जगात वर्षाला सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडत होते आणि त्यातले बहुतेक असे खिशात मावणारे होते. पुढे मोबाइलमधला कॅमेरा सुधारला आणि ही सगळी पलटण कपाटात गेली. बिघडल्यामुळे नव्हे, विसरल्यामुळे.

आमच्या सातांतला सगळ्यात कामाचा निघाला तो कॅननचा पॉवरशॉट ए५९० आयएस, २००८ सालचा. ८० लाख बिंदूंचे चित्र, चौपट झूम, हात थरथरला तर सांभाळून घेणारे भिंग आणि बाजारात कुठेही मिळणाऱ्या दोन पेन्सिल सेलवर चालणारा. वर एक गोल चकती. तिच्यावर ‘ऑटो’ आहे तसेच शटरचा वेग आणि छिद्र आपल्या हाताने ठरवायची सोयही आहे. डोळा लावून पाहायची छोटी खिडकीसुद्धा आहे. ती मुलांना फार आवडली. बाहेर कडक उन्हात पडद्यावर काही दिसत नाही तेव्हा तीच उपयोगी पडते. फक्त ती खिडकी भिंगाच्या जरा वर असते आणि प्रत्यक्ष फोटोत येते त्यापेक्षा थोडे कमी दाखवते, त्यामुळे जवळची वस्तू टिपताना पडद्यावरच पाहावे. नाहीतर पाटीवरच्या अक्षरांच्या वेलांट्या उडतात. आमच्या उडाल्या.

मुलांचा पहिला प्रश्न सरळ होता: आईच्या मोबाइलवर यापेक्षा चांगला फोटो येतो, मग हा कशाला? प्रश्न रास्त आहे. अंधाऱ्या खोलीत आजचा मोबाइल बाजी मारतो यात वाद नाही. मोबाइल एका क्षणात एकामागून एक अनेक चित्रे घेतो, ती एकमेकांवर बसवतो, सावल्या उजळतो, आभाळ सावरतो आणि मग आपल्याला एक फोटो दाखवतो. जुना कॅमेरा तसे काही करत नाही. बटण दाबले, शटर एकदा उघडले, प्रकाश आत आला, शटर मिटले, संपले. फोटो काळा पडला तर आपण काळा काढला म्हणून पडला. आमच्या मते शिकायला हेच बरे. चूक कोणाची ते लगेच कळते.

आत प्रकाश पडतो तो सीसीडी नावाच्या चकतीवर. या जातीच्या कॅमेऱ्यात ती साधारण ५.८ मिलिमीटर लांब आणि ४.३ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. जुन्या रोलवरची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असे. क्षेत्रफळाचे गणित आठवीच्या मुलांनी फळ्यावर केले: रोलची चौकट सुमारे ३५ पट मोठी. एवढ्याशा जागेत ८० लाख खाने बसवलेले, मग प्रत्येक खान्याच्या वाट्याला प्रकाश येणार तो थेंबभर. या कॅमेऱ्यांचे बहुतेक सगळे स्वभाव या एका गोष्टीतून निघतात. भरपूर उजेड असला की रंग सुरेख येतात. उजेड कमी झाला की चित्रात दाणे दिसू लागतात, रव्यासारखे.

हे दाणे वाढवणारा आकडा म्हणजे आयएसओ. तो १६०० पर्यंत नेता येतो, पण नेऊ नये. आम्ही मुलांना सांगितले, ८० ते २०० च्या पलीकडे जायचे असेल तर आधी आम्हाला विचारा. मग अंधाऱ्या जिन्याचा फोटो काढायचा कसा? तर कॅमेरा हातात धरायचाच नाही. कठड्यावर, खिडकीत, दोन वह्यांवर ठेवायचा, आयएसओ ८० वर आणायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्यायचा. बटण दाबताना बोटाने बसणारा हलका धक्काही फोटो हलवतो, टायमरमुळे तो टळतो. शटर एक सेकंद उघडे राहिले तरी जिना काही पळून जात नाही. या पद्धतीने सातवीतल्या एका मुलीने काढलेला जिन्याचा फोटो आम्ही मुख्याध्यापकांना दाखवला तेव्हा त्यांना तो मोबाइलचा वाटला. आम्ही ती शाबासकीच समजलो.

झूमबद्दल एक गोष्ट पालकांनाही माहीत नव्हती. झूम ताणला की चित्र जवळ येते, पण भिंगातून येणारा प्रकाश कमी होतो. या कॅमेऱ्यात पूर्ण ताणल्यावर तो साधारण साडेचार पटींनी घटतो. वर, दूरचे दृश्य जवळ आणताना हाताची थरथरही तितकीच मोठी होऊन दिसते. म्हणून ‘पाय हाच झूम’ असे आम्ही फळ्यावर लिहून ठेवले आहे. आणि ‘डिजिटल झूम’ म्हणून जे असते ते मेनूत जाऊन बंदच करून टाकावे. ते भिंगाचे काम नव्हे, चित्राचा मधला तुकडा कापून ताणलेला असतो.

आता घंटेची गोष्ट. शाळेची पितळी घंटा जुन्या इमारतीच्या ओट्यावर टांगलेली आहे आणि आमचे शिपाईकाका ती लाकडी हातोडीने वाजवतात. काका या दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. हातोडी घंटेवर टेकली आहे असा फोटो हवा, असे मुलांनी ठरवले. पहिल्या दिवशी तेवीस फोटो काढले. एकातही हातोडी घंटेवर नाही! कुठे हात वर, कुठे हात खाली, कुठे काका घंटा वाजवून निघालेले.

कारण साधे आहे. या कॅमेऱ्यांत बटण दाबल्यावर यंत्र आधी अंतर मोजते, मग उजेड मोजते आणि मग शटर उघडते. त्यात अर्धा सेकंद सहज जातो. यावर उपाय बटणातच दिलेला असतो. बटण दोन टप्प्यांचे असते. अर्धे दाबून धरले की मोजमाप होऊन हिरवी चौकट आणि दिवा दिसतो. तसेच धरून ठेवायचे, श्वास रोखायचा आणि क्षण आला की उरलेले दाबायचे. मग शटर जवळजवळ ताबडतोब उघडते. जवळजवळ म्हटले, कारण तरीही किंचित उशीर होतोच, तेव्हा हातोडी खाली यायला लागताच दाबावे लागते. पुढच्या आठवड्यात रोज मधल्या सुट्टीला मुले ओट्यासमोर अर्धे बटण दाबून उभी. काकाही तयारीत. गुरुवारी जमले. तो फोटो मोठा छापून काकांना निरोपसमारंभात दिला. त्यात हातोडी टेकली आहे आणि काका कॅमेऱ्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहत आहेत, नेहमीसारखेच.

उजेडाचा धडा मात्र शाळेत नाही, राजवाड्यासमोर झाला. एका रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन आम्ही तिथे गेलो. (जलेबीची बोटे भिंगाला लागली की फोटोवर धुके येते, हे त्याच दिवशी कळले. मऊ सुती फडक्याने हलकेच पुसावे, शर्टाच्या टोकाने नको.) राजवाडा सात मजली; खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. लाकूड गडद, मागे लखलखीत आभाळ. सगळ्यांच्या फोटोत आभाळ ठीक आणि लाकडी मजले कोळशासारखे आले. कॅमेऱ्याला राजवाडा कळत नाही, त्याला फक्त उजेडाची सरासरी कळते. समोरचे सगळे मिळून मध्यम करडे आहे असे तो धरून चालतो. आभाळ जास्त आले की तो म्हणतो, फार उजेड झाला, आणि सगळेच काळे करतो. उलट काळ्या फळ्याचा फोटो काढला तर फळा करडा होतो.

त्याला समज द्यायची ती + आणि – च्या पट्टीने. ती पट्टी मेनूत किंवा एखाद्या बटणावर असते, तीन पायऱ्यांचे एक घर अशी दोन घरे वर आणि दोन खाली. मागे आभाळ असेल तर दोन-तीन पायऱ्या वर जायचे. फळा, काळी साडी, रात्रीचा देखावा असेल तर खाली. मुलांनी वर नेले तेव्हा लाकडावरचे कोरीवकाम दिसू लागले, पण आभाळ पांढरे फटक झाले. दोन्ही एकदम या कॅमेऱ्यात मावत नाही. काय राखायचे आणि काय सोडायचे ते आपण ठरवायचे. तिथे मुलांत बरीच वादावादी झाली. एका गटाने ढग येईपर्यंत वाट पाहिली, तेही शहाणपणाचेच.

राजवाड्याच्या त्याच पायऱ्यांवर बसून आम्ही मुलांना लाला दीनदयाळ यांच्याविषयी सांगितले. रुरकीला अभियांत्रिकी शिकून ते १८६६ मध्ये इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करायला आले. १८७४ च्या सुमारास छंद म्हणून फोटो काढू लागले. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना आश्रय दिला. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले, ‘राजा’ म्हणवले गेले, आणि २००६ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. देशभर नाव झालेल्या या माणसाचा हात इथे, आपल्या गावात बसला. त्यांच्याकडे पडदा नव्हता, सेल नव्हते. काचेच्या जड पेट्या आणि लाकडी तिवई. एक काच म्हणजे एक फोटो. बरा आला नाही तर पुसून टाकणे नाही.

त्यावरूनच आम्ही वर्गात एक नियम केला: एका शनिवारी एका मुलाने चोवीसच फोटो काढायचे. दोन जीबीच्या कार्डावर पाचशेच्या वर मावतात, पण पूर्वी चोवीसचा रोल मिळे तसे समजायचे. सुरुवातीला कुरकुर झाली. नंतर मुले बटण दाबण्याआधी दोन पावले मागे, एक पाऊल बाजूला असे करू लागली.

आता झालेली चूक. ती आमची, मुलांची नाही. जुन्या वाचनालयाचे फोटो ऑगस्टमध्ये काढले. उंच लाकडी कपाटे, वर चढायची शिडी, पुस्तके घेतल्याची नोंद असलेल्या जाड वह्या, असे सुमारे १४० फोटो एका कार्डावर होते. ते संगणकावर उतरवल्याचे आमच्यापैकी प्रत्येकाला वाटले. एकाला वाटले दुसऱ्याने उतरवले. पुढच्या शनिवारी कार्ड ‘फॉर्मॅट’ करून मुलांच्या हाती दिले आणि त्यावर नवे फोटो काढले गेले. तोपर्यंत कपाटे हलवून पुस्तके नव्या इमारतीत गेली होती. शिडी उरली आहे, तिचा फोटो काढता आला. बाकी गेले ते गेले. हे इथे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहितो. तेव्हापासून कपाटाच्या दाराला वही बांधली आहे. फोटो कोणी, कोणत्या दिवशी उतरवले, दुसरी प्रत कोठे ठेवली, हे लिहून सही केल्याशिवाय कार्ड पुसले जात नाही. दुसरी प्रत म्हणजे वेगळ्या ठिकाणी, त्याच संगणकाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नव्हे.

तारखेचाही एक घोळ झाला. वर्षानुवर्षे सेल न घातलेला कॅमेरा आपले घड्याळ विसरतो. आमच्या दोन कॅमेऱ्यांनी पहिल्या महिन्यातले सगळे फोटो एकाच बनावट तारखेला, १ जानेवारीला, काढल्याचे लिहून ठेवले. इमारतीच्या नोंदीसाठी फोटो काढायचे आणि तारीखच खोटी, हे फारच वाईट. सेल घातल्याबरोबर पहिले काम घड्याळ लावण्याचे.

सेलबद्दल थोडे. साधे स्वस्त सेल या कॅमेऱ्यांना पुरत नाहीत, दहा-बारा फोटोंत मान टाकतात. अल्कलाइन सेल बरे, पण खर्च वाढतो. सगळ्यात चांगले म्हणजे पुन्हा चार्ज करता येणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल. त्यांवर १.२ व्होल्ट लिहिलेले असते आणि साध्या सेलवर १.५, त्यामुळे ते दुबळे वाटतात, पण भिंग पुढे ढकलायला आणि फ्लॅशला लागणारा एकदम मोठा प्रवाह तेच नीट देतात. आमच्या चार बंद कॅमेऱ्यांपैकी दोन सेल आत राहून गळल्यामुळे गेले. पांढरी भुकटी दिसली तर ती अल्कलाइन सेलची क्षारयुक्त गळती असते. कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून मोठ्या माणसाने पुसावी, मग कोरडी करावी. कधी कधी कॅमेरा उठतो. आमचा एकही उठला नाही.

मेमरी कार्डाचेही तसेच. दुकानदार आज सहज ६४ जीबीचे कार्ड हातात ठेवतो. जुना कॅमेरा ते ओळखत नाही आणि आपल्याला वाटते कॅमेरा बिघडला. २००६ च्या आधीच्या कॅमेऱ्यांना बहुधा दोन जीबीपर्यंतचेच साधे एसडी कार्ड चालते; त्यानंतरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना ‘एसडीएचसी’ लिहिलेले, ३२ जीबीपर्यंतचे. खूप जुन्यांत तर वेगळ्याच आकाराची कार्डे लागतात, ती जपून ठेवा.

सध्या मुलांचे मोठे काम चालू आहे ते सभागृहातल्या भिंतीवरच्या फ्रेमा टिपण्याचे. जुन्या मुख्याध्यापकांचे, पहिल्या तुकड्यांचे, गणेशोत्सवातल्या नाटकांचे हे फोटो पिवळे पडत चालले आहेत आणि इमारतीबरोबर ते हलवावे लागणार आहेत. हे घरीही करता येईल. आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या अशा फ्रेमा घरोघर आहेत आणि त्यांतल्या माणसांची नावे सांगणारे घरात बहुधा एकच कोणी उरलेले असते. फ्रेम खिडकीजवळ, उजेड बाजूने येईल अशी ठेवावी. फ्लॅश बंद, नाहीतर काचेवर पांढरा डाग उमटतो. काचेत आपलेच प्रतिबिंब दिसले तर गडद चादर अंगावर घ्यावी. मुलांना हा भाग फार रुचतो. झूम अगदी बाहेर ठेवला तर फ्रेमच्या कडा फुगलेल्या येतात, म्हणून एक-दोन पावले मागे सरून थोडा झूम घ्यावा आणि कॅमेरा फ्रेमच्या बरोबर मध्यावर, समांतर धरावा. फोटो काढून झाला की लगेच वहीत नावे लिहावीत, डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे. १९६० च्या आसपासच्या एका नाटकाच्या फोटोत चौदा जण आहेत. एका माजी विद्यार्थिनी आजींनी बारा नावे सांगितली. दोन राहिली आहेत.

बाकांवर कोरलेली नावे टिपायची असतील तर फुलाच्या चिन्हाचे बटण दाबावे. मग आमचा कॅमेरा पाच सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो, झूम न ताणता. उजेड बाकाच्या कडेने, अगदी आडवा येईल असा घेतला की खाचांत सावली पडते आणि एरवी न दिसणारी अक्षरेही वाचता येतात. (यापुढे नवी नावे कोरू नयेत, हे सांगणे आले.)

छपाईची काळजी नको. ८० लाख बिंदूंचा फोटो ३२६४ बाय २४४८ असतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू धरले तरी जवळजवळ ११ बाय ८ इंचांचा कागद भरतो. ४० लाखांच्या कॅमेऱ्याचाही पोस्टकार्डाहून मोठा फोटो उत्तम येतो. इमारतीच्या प्रदर्शनात आम्ही साठ फोटो लावणार आहोत, सगळे ८ बाय १० किंवा त्याहून लहान.

ज्यांच्या घरी जुना कॅमेरा असेल त्यांनी तो कोणत्याही शनिवारी सकाळी ९ ते ११ या वेळेत चित्रकलेच्या वर्गात आणून द्यावा. सेल काढून द्यावेत, चार्जर असल्यास सोबत द्यावा आणि आतले कार्ड आधी घरी पाहून घ्यावे. मागे एका कार्डात बारशाचे ८६ फोटो निघाले. ते बाळ आता आमच्या दहावीच्या वर्गात आहे. नाटकाच्या फोटोतील उरलेली दोन नावे, मागच्या रांगेतला फेट्यातला मुलगा आणि उजवीकडे कोपऱ्यात पेटी वाजवणारा, कोणाला ठाऊक असल्यास तीही कळवावीत.